डब्यावरचा ल

बाई,

आधी मी हातानं केलेल्या वस्तू सांगतो, म्हणजे लिहिणारा कोण ते तुम्हाला ओळखायला सोपं जाईल. अकरा छिन्न्या, ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून कापून, तापवून, पाणी देऊन केलेल्या. त्यातली सगळ्यांत बारीक तीन मिलिमीटरची, ती मी धार लावायलासुद्धा दुसऱ्याच्या हाती देत नाही. शिसवाची एक फूटपट्टी, कारण बाजारातली पट्टी बारा इंचांत अर्धा मिलिमीटर खोटं बोलते. बायकोसाठी झोपाळा, पितळी कड्यांसकट. दुकानातलं टेबल, ज्याचा एकही पाय डुगडुगत नाही. घरातल्या घड्याळाची देवनागरी आकड्यांची तबकडी. लग्नाच्या भांड्यांवर घातलेली नावं किती, ते मोजलं नाही. मोजत बसलो असतो तर घातली नसती. आणि गेल्या दीड महिन्यात संगमरवराच्या सात पाट्या, दोन फूट बाय दीड फूट, अक्षर सव्वा इंच, खोली तीन मिलिमीटर. सातपैकी सहा पहिल्या खेपेलाच बरोबर आल्या. सातवीवर तुमचं नाव आहे.

हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. हे वाक्य मी इंदूरच्या मल्हारगंजातल्या माझ्या दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं आहे, विचारलं असो की नसो. आठवी अर्धी टाकून परदेशीपुऱ्यातली तुमची शाळा सोडली, वडिलांची मिल बंद पडली होती, त्यानंतर जे आलं ते बघून, ठोकून, बोटं फोडून घेऊन आलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आता बावन्न वर्षांचा आहे, जवळचा चष्मा लागला आहे, आणि या आठवड्यात पहिल्यांदा माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिलेला नाही. त्या सातवीच्या जागी नवी पाटी आज सकाळी शाळेच्या भिंतीत बसली. मिस्त्री गेल्यावर मी तिच्यापुढे उभं राहून तुमचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरासारखं, आणि तरी घरी येईपर्यंत दोनदा मागे वळलो.

झालं असं. आमच्या भागाच्या विधायकजींनी ठरवलं की त्यांच्या निधीतून सात सरकारी शाळांची छपरं दुरुस्त करायची, आणि प्रत्येक शाळेतल्या एका खोलीला तिथं शिकवून गेलेल्या एका शिक्षकाचं नाव द्यायचं. लोक म्हणाले, वोटांसाठी चाललंय सगळं. मीही म्हणालो असतो. पण पाट्यांचं माप घ्यायला त्यांच्याबरोबर आपल्या शाळेत गेलो तेव्हा हा माणूस खोलीच्या ओल्या भिंतीला तळहात लावत पुढे गेला, मग पोरांच्या शेजारी जमिनीवरच्या टाटपट्टीवर बसला आणि म्हणाला, "हम भी इसी पे बैठ के पढ़े हैं, भिया. तब पानी नी टपकता था." आपल्या शाळेत आता मराठीचे वर्ग नाहीत, बाई. हिंदी शाळा आहे, मजुरांची पोरं आहेत. पावसाळ्यात तिसरीच्या खोलीत मधोमध बादली असते आणि पोरं बादलीभोवती गोल बसतात.

आपल्या शाळेसाठी तुमचं नाव मीच सुचवलं. विधायकजींचा पीए, तिशीतला, बोलायला तेज, कागद पुढे करून म्हणाला, "पूरा नाम बोलो." मी सवयीनं म्हणालो, "बाई." तो हसला. "बाई? भिया, मास्टरनी का नाम चाहिए, काम वाली का नी." मी त्याला दहा मिनिटं समजावलं की मराठी शाळेत बाई म्हणजे काय, बाई म्हटलं की पाठ कशी ताठ होते. शेवटी तो कंटाळला. "अरे तो आप ही लिख दो ना अपने हाथ से, मैं टाइप करवा लूँगा." आणि मी लिहिलं. ही चिठ्ठी लक्षात ठेवा.

माझी कामाची एक रीत आहे. कुणाचंही नाव कोरायच्या आधी ते मी त्याच्याकडून त्याच्या हातानं कागदावर लिहून घेतो. माणूस स्वतःच्या नावात चुकत नाही. बाकीच्या सहा शिक्षकांपैकी चौघांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. एकजण देपालपूरला मुलाकडे राहतात, तिथं बसनं गेलो, त्यांचा हात थरथरतो म्हणून नाव तीनदा लिहून घेतलं. दोघे हयात नव्हते, त्यांच्या घरच्यांकडून जुनी सही मिळवली. तुमचं इथं कुणी उरलेलं नाही. पण मला विचारायची गरज काय, असं वाटलं. माझ्याच बाई. आणि शिवाय तुमच्या नावाचा पुरावा माझ्या टेबलावरच होता: तुमचा स्टीलचा पोळ्यांचा डबा, ज्यात मी अडतीस वर्षं छिन्न्या ठेवतो. त्याच्या झाकणावर तुमचं पूर्ण नाव आहे. मी चिठ्ठीवर लिहिताना डब्याचं झाकणच डोळ्यांसमोर आणलं, आणि बटरपेपरवर अक्षरं आखताना तर तो डबा शेजारी ठेवला होता.

गेल्या रविवारी ती पहिली पाटी भिंतीत बसली. सोमवारी मी बायकोला मोबाइलवर फोटो दाखवला. ती भुसावळची. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली तरी माझ्या मराठीवर हसण्याचा हक्क तिनं सोडलेला नाही. फोटो मोठा करून तिनं वाचलं आणि विचारलं, "हे कुणाचं नाव?"

"बाईंचं."

"तुमच्या बाई मारवाडी होत्या का?"

मी म्हणालो, काय बोलतेस. ती म्हणाली, "अहो, आडनावात ळ पाहिजे ना? हा ल घातलाय तुम्ही. गाण्याच्या भेंड्यांमध्ये ळ आला की ल घेतात, ते ठीक आहे. दगडावर पण घेतात का?"

मी तिच्यावर ओरडलो. इंदूरमध्ये असंच लिहितात म्हणालो. ते काही खोटं नाही. ज्यांच्या फौजेबरोबर आपली घराणी इकडे आली, त्या राजघराण्याच्या आडनावातला ळ या शहराच्या प्रत्येक पाटीवर ल झालेला आहे. माळव्याचा मालवा झाला. आपल्या लोकांनीच आपली आडनावं दाराबाहेर एक आणि दाराआत एक अशी ठेवली. पण ओरडता ओरडताच मला डब्याची खरी हकीकत आठवली होती. आठवली म्हणजे काय, विसरलो नव्हतोच. तिच्यावर दुसरी हकीकत चढवून ठेवली होती, पितळेवर लाख चढवतात तशी.

दुसरी हकीकत ही: मी चौदा वर्षांचा, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं घालतो आहे; माझ्या बाई येतात, माझं अक्षर बघतात, म्हणतात या हातात कला आहे, आणि घेतलेला डबा मलाच बक्षीस देऊन जातात. ही मी इतक्या जणांना सांगितली आहे की सांगताना माझा गळा बरोबर ठरल्या ठिकाणी दाटतो. विधायकजींनाही सांगितली.

खरी हकीकत तुम्हाला माहीत आहे. तरी लिहितो, कारण मी ती एकदाही कुठं लिहिलेली नाही. लग्नसराई आहे, दुपार आहे, पायरीवर गिऱ्हाइकं उभी आहेत. शाळा सोडून मला चार महिने झालेत, तुम्हाला न सांगता सोडलीय, म्हणून तुम्ही दिसताच मी मान खाली घालतो. तुम्ही डबा पुढे ठेवता. एवढंच म्हणता, "माझं नाव घाल." मी पंच आणि हातोडी घेऊन टिंबं टिंबं ठोकायला लागतो. ल ला एकोणीस ठोके लागतात. ळ ला सव्वीस लागतात, आणि गोलाईत पंच घसरतो. मालक म्हणायचा, इतना गोल-गोल कौन पढ़ता है, सीधा लिख. मी सीधा लिहिलं. तुम्ही डबा उचलून बोट फिरवलं, आणि हजेरी घेतल्यासारखं नाव मोठ्यानं वाचलंत, जसं मी घातलं होतं तसं, ल चा ल. मग म्हणालात, "या नावाची बाई आपल्या शाळेत नाही. हा डबा माझा नाही."

मालक हसला. "ओ बेनजी, एक अक्षर का क्या लेके बैठ गए." तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. माझ्याकडे बघून म्हणालात, "येत नसतं तर शिकवलं असतं. तुला येतं. येत असून घातलं नाहीस." डबा माझ्या पुढ्यात सरकवलात. "ज्या दिवशी माझं नाव घालता येईल, त्या दिवशी घेऊन ये." आणि उन्हात छत्री उघडून निघून गेलात.

मला येत होतं, बाई. तुमच्या स्वयंपाकघरात शिकलो होतो. रविवारी सकाळी तुम्ही आम्हा चार ढ पोरांना घरी बोलवायचात, पोहे व्हायचे, कोपऱ्यावरून जिलेबी यायची, आणि जिलेबी खायच्या आधी पाटीवर ळ काढून दाखवावा लागायचा. "जिलेबीचीच दोन वेटोळी," तुम्ही कढईत उलथनं फिरवता फिरवता सांगायचात. "ल ला टेकायला काठी असते. ळ ला नाही. त्याला स्वतःच्या वेटोळ्यावर उभं राहायचं असतं." माझा ळ कलंडायचा. एका रविवारी तो नीट उभा राहिला, आणि तुम्ही माझ्या ताटलीत आख्खी जिलेबी ठेवलीत, बाकीच्यांना अर्धी अर्धी. अक्षराला वजन असतं, ते एका बाजूला गेलं तर अक्षर पडतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे आयुष्यभर दगडावर मी दुसरं काहीही केलेलं नाही. आणि दुकानात सांगतो, कुणी शिकवलं नाही.

डबा घेऊन मी आलो नाही. पहिली एक-दोन वर्षं लाजेनं. मग हात बसला, तेव्हा वाटलं, एवढ्या लहान गोष्टीसाठी कशाला जायचं. मग दुकान झालं, मग तुम्ही गेलात. डबा टेबलावर राहिला, आणि रोज बघून बघून डोळ्याला तो ल च खरा वाटायला लागला. मी माझीच चूक पुरावा म्हणून शेजारी ठेवून तुमचं नाव दगडात कोरलं. कुठल्याही कारागिराकडून असं झालेलं मी ऐकलेलं नाही.

मंगळवारी शाळेत गेलो. हेडमॅडमना म्हणालो, जुनं रजिस्टर पाहिजे, बाईंच्या सहीचं. त्यांनी लोखंडी पेटीतून ताडपत्रीत गुंडाळलेलं काढलं. कपाटात ठेवलं की भिजतं. पानं एकमेकांना चिकटलेली, मी पातळ पट्टी घालून एकेक सोडवलं. प्रत्येक पानाखाली तुमची सही. हेडमॅडमनी वाकून बघितलं. "सर, ये कौन सा अक्षर है? हम तो समझते थे मैडम यहाँ सोता हुआ आठ बनाती थीं." मी हसलो, आणि हसता हसता माझ्याच वर्षाचं पान आलं. माझं नाव, वडिलांचं नाव, शाळा सोडल्याचा महिना, आणि सोडण्याचं कारण या रकान्यात तुमच्या अक्षरात तीन शब्द: कारण कळले नाही. बाकीच्यांच्या पुढे स्थलांतर, आजार, काम असं काहीबाही आहे. तुम्हाला माझ्या वडिलांच्या मिलचं ठाऊक होतं. 'काम' लिहिता आलं असतं. त्याच ओळीतला ळ मी बटरपेपरवर उतरवून घेतला, सहीतला नाही. सहीत तुम्ही घाई करायचात.

दोन दिवस दुकान बंद ठेवून सकाळी उजेड झाल्यापासून सूर्य कलेपर्यंत दुसरी पाटी कोरली. पण बसवायची कशी? शनिवारी अकरा वाजता पाटीवरचा पडदा सरकणार, अधिकारी येणार. गुरुवारी सकाळी, पाटीचं शेवटचं घासकाम राहिलं असताना, विधायकजींच्या घरी गेलो. बाहेर नळाच्या, रेशनच्या, बदलीच्या कामांची माणसं. पीएनं मला दारातच अडवून काम विचारलं, मी सांगितलं. "भिया, ल और वो दूसरे वाले में फर्क कौन देख रिया है? पत्थर लग गया, पुताई हो गई. आप भी ना!" मी ढकलूनच आत गेलो. म्हणालो, पाटीवरचं नाव चुकलं आहे. विधायकजींनी चष्मा काढला. "गलत है? किसकी गलती से?"

इथं मी थांबलो, बाई. मोजलं तर दोन सेकंदं. आणि म्हणालो, "लिस्ट में ऐसा ही आया था."

खोटं एकही अक्षर नाही. लिस्टमध्ये तसंच होतं. विधायकजी सगळ्यांसमोर पीएवर कडाडले. "मास्टरों का सम्मान करने चले हैं, और नाम तक ठीक से नी लिख सके!" तो पोरगा लाल झाला, त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि टेबलावरचे कागद गोळा करायला लागला. तो बोलला असता तर बरं झालं असतं. विधायकजींनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, पत्थर बदल दो, परदा तो अपना ही है. मला जिन्यापर्यंत सोडायला पीए आला. खालच्या आवाजात म्हणाला, "वो पर्ची मेरे पास रखी है, भिया. आपके हाथ की. घबराओ मत, निकालूँगा नी." त्यानं ते धमकीनं म्हटलं असतं तर मला झोप लागली असती. त्यानं समजुतीनं म्हटलं.

आता उद्या अकरा. उद्या मला स्टेजवर जायचं आहे, डबा हातात घेऊन. विधायकजींनी ते आधीच ठरवलं होतं. "फाइल कोई नी पढ़ता," ते म्हणाले, "डिब्बा सब देखेंगे. सरकारी स्कूल की एक टीचर क्या कर देती है, ये आप बताओगे, फिर मैं पैसा माँगूँगा." या सात शाळा त्यांच्या निधीत बसतात. बाकीच्या शाळांसाठी ते अधिकाऱ्यांच्या तोंडावर बोलणार आहेत, विधानसभेतही बोलणार आहेत, आणि त्याची सुरुवात माझ्या बक्षिसाच्या गोष्टीनं होणार आहे. मी खरं सांगितलं की हे बक्षीस नव्हे, शिक्षा आहे, आणि ती मी अजून भोगून संपवलेली नाही, तर पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघतील का? त्या गोंधळात कुठल्या तरी शाळेतली बादली तशीच राहील का? बायकोनं चहा ठेवला, तो तसाच गार झाला. ती म्हणाली, "सांगून टाका खरं. शाबासकी काय, कुणीही देतं. एका अक्षरासाठी डबा टाकून जाणारी बाई होती म्हणून तर ती शाळा होती." तिचं बरोबर आहे. पण स्टेजवर ती नाही, मी आहे. आणि स्टेजखाली हातात हारांची परात घेऊन तो पीए उभा असेल.

पत्र इथंच ठेवतो, डब्यात, छिन्न्यांखाली. पाठवायचं तर पत्ता नाही. आणि असता तरी आधी डबा पाठवावा लागला असता. डब्यावर ळ मी अजून घातलेला नाही. परवा पंच हातात घेतला होता, पण त्या ल वर दुसरं काही बसत नाही, काठी आडवी येते.

एक राहिलं. काल त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हाच विधायकजींनी हा डबा मागितला. तुमच्या नावाच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवायला, वर लाइट लावून, पोरांनी बघावा म्हणून. निधीतून नाही, स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला निघाले होते. मी हात जोडले आणि नाही म्हणालो. त्यांचे डोळे भरून आले. सगळ्यांना म्हणाले, देखो, इसको कहते हैं गुरु का प्रेम. मी ते तसंच राहू दिलं. खरं एवढंच होतं की काचेमागे, लाइटखाली, कुणीही मराठी माणूस तो ल वाचेल, याची मला भीती वाटली. एक्कावन्न हजार देत होते, बाई.